रेक्झिनच्या गाद्यांवरील बुरशी

गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँची, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे माणसें नेणाऱ्या होड्या, खाड्यांतून हौशी प्रवाशांस फिरवून आणणाऱ्या लहान मोटरबोटी, या सर्वांस पावसाळा लागला म्हणजे सक्तीची विश्रांति मिळते. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळूं लागतो, ही प्रवासी वाहतूक बंद होते, आणि लहान नावा कांठावर ओढून, त्यांजवर ताडपत्री घालून, ती दोऱ्यांनीं चांगली आवळून ठेवितात. पुढें सप्टेंबरांत समुद्र निवळला कीं ताडपत्री सुटते. त्या वेळीं आंतून प्रथम येतो तो वास, आणि मग दृष्टीस पडतात त्या गाद्या. मे महिन्यांत ज्या पांढऱ्याशुभ्र होत्या त्यांजवर आतां तिळाएवढे काळे ठिपके दाटलेले असतात, शिवणीच्या कडेनें हिरवट करड्या रेघा उमटलेल्या असतात, आणि कोठें कोठें, जणूं कोणी कुंकवाचें पाणी सांडावें तसा, गुलाबी ढग पसरलेला असतो.

ज्यांच्या घरीं होडी नाहीं त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. अंगणांत उभी असलेली स्कूटर, रिक्षाची मागली बैठक, ओसरीवरील झोपाळ्याची उशी, या सर्वांचें कापड बहुधा एकाच जातीचें असतें व त्यांची पावसाळ्यांतील दैनाहि सारखीच असते. होडीची गादी आम्हीं उदाहरणादाखल घेतली ती इतक्याचसाठीं कीं, ओल, मीठ, मळ आणि कोंडलेली हवा हे चारी शत्रु तेथें एकत्र नांदतात.

डाग दिसला कीं मनुष्य चवताळतो व हाताशीं येईल तें घेऊन घासावयास लागतो. कोणी तारेची घासणी घेतो, कोणी राख, कोणी रॉकेल, तर कोणी न्हाणीघरांतील ॲसिडची बाटली. डाग जातोहि, परंतु त्याबरोबर गादीचें तेजहि जातें, आणि पुढील वर्षीं त्याच जागीं अधिक दाट बुरशी येते. या उपायांतील कांहीं मिश्रणें तर अशीं आहेत कीं, गादी जागच्याजागीं राहते आणि घासणाराच अंथरुणास खिळतो. म्हणून ही बुरशी म्हणजे काय तें प्रथम पाहूं, आणि मग तिच्याशीं कसें वागावें तें सांगूं.

बुरशी ही घाण नव्हे आणि झाडपाल्याच्या जातीचीहि नव्हे. सजीव सृष्टींत तिचें कूळच निराळें. झाडांच्या अंगीं असलेलें हरितद्रव्य तिच्या ठिकाणीं नसल्यामुळें आपलें अन्न आपण तयार करण्याची शक्ति तिला नाहीं. दुसऱ्यांनीं केलेल्या अन्नावर ती जगते. तिचे बीजाणू आपल्या सभोंवतींच्या हवेंत बारमाही तरंगत असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग तो एक मायक्रोमीटर. त्या मापानें बुरशीचा बीजाणू पुष्कळदां २ ते १० मायक्रोमीटर रुंदीचा भरतो, आणि माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रोमीटर जाड असतो. असा हा सूक्ष्म कण गादीवर येऊन पडतो व ओल मिळेपर्यंत स्वस्थ निजून राहतो. ओल, अन्न आणि ऊब हीं तिन्ही एकदम लाभलीं म्हणजे दोनच दिवसांत त्यास कोंब फुटूं शकतो. कोंबाचा तंतु होतो, तंतूचें जाळें होतें, आणि जाळ्यावर नव्या बीजाणूंचें पीक येतें. आपण ज्यास काळा ठिपका म्हणतों ती अशी एक वसलेली वाडीच असते.

तिचा काळा रंगहि निष्कारण नसतो. पुष्कळशा काळ्या बुरशांत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य असतें. आपले केस व आपली कातडी ज्यामुळें काळी दिसते त्याच जातीचें हें द्रव्य होय, आणि उन्हाच्या तापापासून तें बुरशीचें रक्षण करितें. म्हणूनच गादी नुसती उन्हांत टाकली म्हणजे ती वाळते खरी, बुरशीची वाढहि थांबते, पण डाग जसाच्या तसा राहतो.

या लहानशा प्राण्यानें आपल्या भाषेंतहि घर केलें आहे. जुनाट, कोंदट विचारांस आपण 'बुरसटलेले' म्हणतों तो शब्द येथलाच. नाशिककडील द्राक्षांच्या मळेवाल्यांस 'भुरी' या शब्दाची धास्ती वाटते. तीहि एक बुरशीच, मात्र ती जिवंत वेलीवर जगणारी. गादीवरील बुरशीचा आणि तिचा आहार निराळा, म्हणून एकीचें औषध दुसरीस लावूं नये.

घरांतील वडील बायकांस हें शास्त्र पुस्तकावांचून अवगत असतें. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घातला तर त्या रागें कां भरतात, पापड कडकडीत वाळवूनच डब्यांत कां भरतात, लोणच्यावर तेलाचा थर बोटभर वर कां ठेवितात, याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा. हवेंतले बीजाणू कोणासहि थोपवितां येत नाहींत. कोंकणांतील ऊबहि आपल्या हातची नाहीं. हातीं राहतात त्या दोनच गोष्टी : बुरशीचें अन्न आणि बुरशीची ओल. लोणच्याच्या बाबतींत अन्न काढून घेतां येत नाहीं, म्हणून सारा कटाक्ष ओलीवर. गादीच्या बाबतींत मात्र आपणांस दोन्हीकडून कोंडी करितां येते.

आतां गादीवर बुरशीस खावयास काय मिळतें असें कोणी विचारील. तें समजण्यास हें कापड कशाचें असतें तें पाहिलें पाहिजे. आपण ज्यास सरसकट रेक्झिन म्हणतों तें मुळांत एका इंग्रजी कारखान्याच्या मालाचें नांव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तें नकली चामडें करीत असत. नांव तेंच राहिलें, पदार्थ मात्र पालटला. आजच्या गाद्यांवरील थर बहुधा व्हिनिलचा, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइडचा असतो. हा पदार्थ १८७२ सालीं बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञास उन्हांत राहिलेल्या कांचपात्रांत पांढऱ्या घन रूपांत आढळला. पण तो कठीण व ठिसूळ असल्यामुळें त्याचा उपयोग कोणास सुचेना. १९२६ सालीं अमेरिकेंत वॉल्डो सेमन या गृहस्थानें त्यांत कांहीं द्रव्यें मिसळून तो मऊ व लवचीक करून दाखविला, आणि तेव्हांपासून त्याचें दैव उघडलें. या मऊ करणाऱ्या तेलकट द्रव्यांस आम्ही येथें मृदुकारक म्हणूं. गादी बसतांना दबते पण फुटत नाहीं, ही त्यांचीच करामत.

निव्वळ व्हिनिल बुरशीस पचत नाहीं. परंतु मृदुकारकांपैकीं कित्येक तिला पचतात, आणि व्हिनिलवर वसाहत करणाऱ्या ऑरिओबॅसिडियमसारख्या काळ्या बुरशा त्यांवर उपजीविका करितांना आढळल्या आहेत. व्हिनिलच्या पाठीस लावलेलें सुती कापड, शिवणीचा सुती दोरा, बैठकीखालील लांकडी फळी, हींहि तिचीं भक्ष्येंच. आणि सर्वांत सुलभ अन्न आपण स्वतःच वाढून ठेवितों : घाम, डोक्याचें तेल, उन्हापासून बचाव म्हणून अंगास चोपडलेलें मलम, सांडलेला चहा, भेळेचा चुरा, मासळीचें रक्त. ही थाळी पुसून टाकिली तर बुरशीपुढें उपासाचा प्रसंग येतो.

व्हिनिलच्या अगदीं वरच्या अंगास संरक्षक लेपाचा एक पातळ पापुद्रा दिलेला असतो, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानीं असते. याच पापुद्र्यामुळें गादी गुळगुळीत राहते व मळ आंत शिरत नाहीं. तारेची घासणी, राख, वाळू, खरखरीत चूर्ण यांनीं हा पापुद्रा ओरखडतो. ओरखड्यांत मळ बसतो, मळांत ओल बसते, आणि ओलींत बुरशी. दरसाल अधिक जोरानें घासून दरसाल अधिक डाग कां पडतात, त्याचें उत्तर हें. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढण्याचें पाणी हीं तर याहून घातक. तीं मृदुकारकासच ओढून बाहेर काढितात. कापड त्या दिवशीं चकचकीत दिसतें, परंतु पुढें कडक होऊन त्यास भेगा पडतात.

ओलीच्या बाबतींत होडीचें एक विशेष दुःख आहे, तें मिठाचें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीस पाणी सुटतें हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे मीठ हवेंतील वाफ शोषून घेऊन स्वतःच विरघळूं लागतें. समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते तर याहूनहि कोरड्या हवेंत ओलावतात. जुलै महिन्यांत कोंकणपट्टींतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते. मग लाटांचे तुषार उडून ज्या गादीच्या शिवणीशिवणींत मीठ भरलें आहे ती गादी ताडपत्रीखालीं, पावसाचा एक थेंबहि न लागतां, महिनोनमहिने दमट राहते यांत नवल तें काय? कित्येक नावाडी मोसमाच्या शेवटीं गाद्या समुद्राच्याच पाण्यानें धुवून ठेवितात. त्यांची मेहनत पाहून कौतुक वाटतें, पण या धुण्यानें बुरशीची सोयच होते. शेवटचें धुणें गोड्या पाण्याचें हवें, आणि तें सढळ हवें.

इतकें ध्यानीं आल्यावर डाग काढण्याची रीत सांगतों. गादी प्रथम उघड्या हवेंत, अंगणांत किंवा गच्चीवर आणावी. तोंडानाकास फडकें बांधावें. घरांत दम्याचें मूल असेल तर त्यास या कामापासून दूर ठेवावें, कारण बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर गेल्यानें दमा उसळतो. कोरडा ब्रश चालवूं नये किंवा गादी झटकूं नये. तसें केल्यानें बीजाणूंचा धुरळा उडून शेजारच्या गादीवर पेरणी होते. प्रथम ओल्या फडक्यानें हलकेच पुसावें व तें फडकें लागलीच साबणाच्या पाण्यांत टाकावें.

मग अर्ध्या बादली कोमट पाण्यांत भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन चमचे मिसळून, मऊ ब्रशानें अथवा स्पंजानें, थोडाथोडा भाग घेऊन चोळावें. शिवणी व मुरडी यांकरितां जुना दांत घासण्याचा ब्रश उत्तम. जोर करूं नये, वेळ द्यावा. चोळलेला भाग वाळूं न देतां गोड्या पाण्यानें खळाळून पुसून काढावा. आमचा अनुभव असा कीं, ताजी बुरशी पुष्कळ वेळां एवढ्यानेंच निघते, आणि पुढील औषधें ज्यांनीं आणून ठेविलेलीं असतात त्यांचा थोडासा हिरमोडच होतो.

काळी छाया राहिलीच तर शिरका घ्यावा. दुकानांत मिळणारा पांढरा शिरका आणि तितकेंच पाणी एकत्र करून फडकें भिजवावें व डागावर पंधरा-वीस मिनिटें पसरून ठेवावें; नंतर मऊ ब्रशानें चोळून धुवून टाकावें. औषधांच्या दुकानीं ३ टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतें, तेंहि पांढऱ्या गादीस चालतें. तें आपलें काम उरकलें म्हणजे पाणी व प्राणवायु यांत विघटन पावतें, हा त्याचा मोठा गुण. रंगीत गादीवर मात्र कोणतेंहि औषध लावण्यापूर्वीं खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यांत थेंबभर लावून तासभर वाट पाहावी.

डाग खरोखर बुरशीचा आहे कीं दुसऱ्या कशाचा, अशी शंका पुष्कळदां येते. निळ्या जाड पाटलोणीचा रंगहि पांढऱ्या गादीस लागतो, आणि मलमाचे पिंवळे डागहि पडतात. यासाठीं एक सोपी परीक्षा आहे. पाणी घातलेल्या ब्लीचचा एक थेंब काळ्या ठिपक्यावर सोडावा. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर ती बहुधा बुरशी. काळा तसाच राहिला तर तो मळ किंवा काजळी, आणि त्यास साबणच हवा.

ब्लीच हा शब्द आलाच आहे तर त्याविषयीं सविस्तर लिहिणें भाग आहे. तें आम्ही शेवटचा उपाय म्हणून ठेवितों. क्लोरीनच्या योगें कपडे शुभ्र करण्याची युक्ति अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें बर्थोले यानें काढिली, आणि १७९९ सालीं चार्ल्स टेनंट यानें ब्लीचिंग पावडरीचें पेटंट घेतलें. तीच पावडर आज गांवोगांव विहिरींत टाकितात. घरगुती पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचें पाणी. त्याची तीव्रता बहुधा ४ ते ६ टक्के असते. गादीसाठीं त्याच्या एका भागांत दहा भाग पाणी घालावें, हातांत रबरी मोजे घालावे, पांढऱ्या व्हिनिलवर पांच मिनिटांहून अधिक राहूं देऊं नये, आणि लागलीच भरपूर पाण्यानें धुवावें. नायलॉनचा व सुती दोरा ब्लीचनें कमजोर होतो. गादी कोरी दिसते आणि दिवाळींत शिवण उसवते. शिवाय ब्लीच रंग उडवितें म्हणून आपणांस जय मिळाल्यासारखें वाटतें; परंतु रंग उडाला म्हणजे आंतील बुरशी गेली असें होत नाहीं. स्पंजांत ओल शिल्लक असेल तर पंधरा दिवसांत ठिपके पुन्हां हजर.

आतां पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं पुढील मजकूर दोनदां वाचावा अशी आमची विनंती आहे. ब्लीच आणि ॲसिड कधींहि एकत्र करूं नये. न्हाणीघर व संडास साफ करण्याच्या पुष्कळशा पातळ औषधांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतें; तें ब्लीचमध्यें पडलें कीं क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालच्या २२ एप्रिल रोजीं बेल्जममध्यें ईप्र येथील रणांगणावर जर्मन सैन्यानें सोडला तो हाच हिरवट पिंवळा वायु, आणि त्यानें फुफ्फुसें जाळून किती शिपाई मेले तें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. बंद न्हाणीघरांत एका बादलींत तो तयार करण्यास कारखाना लागत नाहीं; 'दोन्ही औषधें चांगलीं, मग एकत्र अधिक चांगलीं' एवढा एक विचार पुरतो. वर सांगितलेला शिरका हेंहि ॲसिडच होय. म्हणून आज शिरका लावला असेल तर गादी धुवून, वाळवून, ब्लीचचा विचार दुसऱ्या दिवशीं करावा. अमोनिया असलेल्या कांच पुसण्याच्या पाण्याशींहि ब्लीचचें वैर आहे. त्या संगतींतून क्लोरामाइन नांवाचे झोंबणारे विषारी वायु निघतात. चुकून असा उग्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला लागला, तर बादली आवरीत बसूं नये. तीं भांडीं तेथेंच टाकून मोकळ्या हवेंत यावें, इतरांसहि बाहेर काढावें, आणि श्वास लागत असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. हें काम लहान मुलांकडे एकट्यानें सोंपवूं नये, आणि औषधें सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत भरून ठेवूं नयेत.

गुलाबी डागांची कथा निराळी आहे व ती आम्हांस फार मनोरंजक वाटते. काळा ठिपका वरून येतो. गुलाबी डाग बहुधा खालून येतो. गादीच्या आंतील ओलसर स्पंजांत किंवा व्हिनिलच्या पाठीच्या कापडावर तंतुमय जंतूंची वाढ होते. हे स्ट्रेप्टोमायसीस कुळांतले जीव. ज्या कुळांतून १९४३ सालीं क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हें औषध सांपडलें, आणि पहिल्या पावसाच्या वेळीं मातीस जो सुगंध येतो तो ज्यांच्यामुळें येतो, तेंच हें कूळ. यांतील कांहीं जीव गुलाबी रंगद्रव्य निर्माण करितात. तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, पण व्हिनिलमधील मृदुकारकांत सहज विरघळतें. आणि त्या तेलकट वाटेनें झिरपत झिरपत तें वरच्या पृष्ठभागावर उमटतें. म्हणजे आपण वरून घासतों तेव्हां डाग कापडाच्या पोटांत असतो व तो करणारा त्याच्याहि खालीं. साबण, शिरका, ब्लीच यांपैकीं कोणीहि तेथवर पोंचत नाहीं. गुलाबी डाग दिसला तर घासण्यांत दिवस घालवूं नये. गादी उलटी करून तिच्या बुडाचें कापड उघडून पाहावें. स्पंज ओला व कुबट असेल तर तो बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं.

धुण्याहून वाळविणें अधिक महत्त्वाचें, आणि तेंच आपण घाईंत उरकतों. वरचें व्हिनिल दहा मिनिटांत कोरडें होतें. आंतील स्पंज कित्येक दिवस ओला राहतो. गादी आडवी न ठेवितां कडेवर उभी करावी, म्हणजे पाणी खालच्या शिवणींतून निथळतें. चेन असेल तर उघडावी. वारा खेळेल अशी सावली उत्तम. सकाळचें कोंवळें ऊन चालेल, पण दिवसच्या दिवस कडक उन्हांत ठेविल्यास व्हिनिल पिंवळें पडून कडक होतें. गादी वाळली कीं नाहीं तें डोळ्यांनीं ठरवूं नये. तिजवर कोरडा जाड कागद ठेवून वर गुडघ्यानें दाबावें. शिवणीजवळ कागद ओलसर झाला तर आणखी एक दिवस.

मोसम संपल्यावर गाद्या होडींत ठेवूंच नयेत हें सर्वांत बरें. कोंकणांतील जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर कोकम, बी-बियाणें, सुकी मासळी ठेवीत, कारण घरांतील तीच एक जागा आषाढांतहि कोरडी असे. चुली गेल्या, गॅस आला, आणि तो माळाहि इतर खोल्यांसारखाच दमट झाला. तरी घराच्या आंतील, भिंतीपासून वीतभर दूर अशी जागा होडीपेक्षां पुष्कळ चांगली. गाद्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या व त्यांच्यामध्यें बोटभर अंतर राखावें.

होडींतच ठेवणें प्राप्त असेल तर ताडपत्रीची रीत बदलावी. ताडपत्री घट्ट गुंडाळली म्हणजे पाऊस बाहेर राहतो, परंतु आंतील दमट हवाहि आंतच राहते. दिवसा ती तापते व गाद्यांतली ओल वाफ होऊन वर चढते. रात्रीं ताडपत्री गार पडली कीं, थंड पाण्याच्या तांब्याबाहेर जमतात तसे थेंब तिच्या आंतल्या अंगास जमतात व पुन्हां गाद्यांवर टपकतात. असा हा आंतल्याआंत पाऊस चार महिने चालतो. त्याऐवजीं मधोमध वासा घालून घराच्या आढ्याप्रमाणें दोन्हीकडे उतार द्यावा, कडा खालपर्यंत सोडाव्या, आणि दोन्ही टोंकें वाऱ्यासाठीं मोकळीं ठेवावीं. गादीखालीं दोन लांकडी पट्ट्या घातल्या तर खालूनहि हवा फिरते. पंधरवड्यांतून एकदां, पाऊस उघडला असेल त्या दिवशीं, ताडपत्री तासभर वर करावी.

विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. एकाच रेक्झिनचे चार तुकडे घ्यावे. दोन स्वच्छ धुवावे, दोहोंस साखरपाण्याचा व तेलाचा हात लावावा. प्रत्येक जोडींतील एक तुकडा कोरडा व एक ओलसर असे चार निरनिराळ्या कांचेच्या बरण्यांत घालून झांकणें घट्ट लावावीं, आणि वर तारीख लिहून महिनाभर रोज पाहून टिपून ठेवावें. बरण्या उघडूं नयेत. प्रयोग संपल्यावर झांकणासह टाकून द्याव्या. कोणत्या बरणींत प्रथम ठिपका दिसला, आणि कोरड्या पण मळक्या तुकड्याचें काय झालें, याची नोंद विशेष मोलाची.

नवी गादी शिवावयास टाकण्याचा प्रसंग आला तर शिवणाऱ्यास तीन गोष्टी आधींच सांगाव्या. दोरा पॉलिएस्टरचा वापरावा, कारण तो ओलीनें कुजत नाहीं. खालच्या फळीस पाणी निथळण्याजोगीं भोंकें पाडावीं व तिच्या कडांस रंग द्यावा. आणि बुडाचें कापड जाळीदार घ्यावें, म्हणजे स्पंजांत शिरलेल्या ओलीस बाहेर पडण्यास वाट राहील. या तिहींस मिळून जो थोडा अधिक खर्च येतो तो मजुरी ठरवितांनाच ठरवून घ्यावा. गादी शिवून झाल्यावर भोंकें पाडावयास कोणी तयार होत नाहीं.